दोन फटक्यांची बहुपदी

‘एका विद्यार्थ्याने यातला सर्वांत सोपा प्रकार आमच्या लक्षात आणून दिला, त्याचे आभार.’

एका लांबलचक इंग्रजी शोधनिबंधाच्या शेवटी हे वाक्य छापलेलं आहे. त्याच्या वर अनुदान देणाऱ्यांचे आभार, खाली ज्या परिषदेत लेखकांची राहण्याजेवणाची सोय झाली तिचे. मधला विद्यार्थी मी. ते लक्षात आणून दिलं तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती, कुरखेड्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून घसा बसत आला होता, आणि वर्गातली मुलं मला सर म्हणत होती. परिषदेला नाव होतं, अनुदानाला क्रमांक होता. मला दोन्ही नव्हतं.

इतक्या वर्षांनीही मी हे उगाळतो याचं घरच्यांना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. मी घुग्घुसच्या आठवडी बाजारात वाढलेला माणूस आहे, आणि माझ्या हातून आयुष्यात एकदाच माल स्वस्तात गेला.

माझी माय भाजी विकायची. वडील कोळसा खाणीत होते. त्यांची पाळी बदलत राहायची, मायचा बाजार कधी चुकला नाही. ट्रक गेला की मेथीवर काळी धूळ बसे, म्हणून सारखं पाणी मारावं लागे. पाणी मारणं आणि वाटे लावणं मला शाळेत जाण्याआधीच येत होतं. भाव सांगणं मायने नंतर शिकवलं. तिचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहूच नये, तोंड खोटं बोलतं. पिशवीकडे पाहावं. ‘महाग हाये’ म्हणत म्हणत बाईने पिशवी खाली टेकवली, की ती घेऊनच जाणार. मग एक पैसाही उतरायचा नाही. या एका गोष्टीवर मी पुढे कॉलेजचे क्लार्क, घरमालक, सेकंडहँड मोटारसायकलवाले, सगळ्यांना पुरून उरलो. फक्त एका माणसासमोर मी पिशवीकडे पाहायला विसरलो. तो माझा पीएच.डी.चा गाईड.

भांडण कळायचं तर विषय थोडा सांगावा लागेल.

समीकरणाने ठरवलेली एक आकृती घ्या. आमच्या आकृती संमिश्र संख्यांमधल्या, म्हणजे कागदावर पुऱ्या काढताच येत नाहीत अशा. पण समजायला मोकळं पटांगण पुरे. पटांगणाच्या प्रत्येक बिंदूवर एक बाण आहे: इथून या दिशेला, इतक्या वेगाने जा. या सगळ्या बाणांना मिळून सदिश क्षेत्र म्हणायचं. कुठेही उभे राहा आणि बाण सांगतील तसे चालत सुटा. चालणं कधीच तुटलं नाही, तर क्षेत्र पूर्ण. काही क्षेत्रं मात्र अशी असतात, की जितकं पुढे जावं तितका वेग वाढतो, आणि उतारावर ब्रेक गेलेल्या कोळशाच्या ट्रकसारखा माणूस ठरावीक वेळेच्या आतच अनंतापार जातो. तिथे त्याचा वेळच संपतो. ते क्षेत्र अपूर्ण.

पूर्ण क्षेत्राची किंमत यासाठी, की त्याने सगळे बिंदू एकदम हलवले तरी कुणी हरवत नाही. आकृती पुन्हा स्वतःवरच नीट येऊन बसते. ती तिची एक सममिती. जिच्यावर अशी क्षेत्रं भरपूर, तिला सममितीही अमाप. एखाद्या आकृतीवर ती किती आहेत, आणि तेवढ्यांतून बाकीची सगळी क्षेत्रं रचता येतात का, यावर जगात थोडी माणसं आयुष्य घालवतात. माझे सर त्यांतले एक होते. त्यांनी आकृतींचं एक घराणंच हाती घेतलं होतं. सर्वांत लहान आकृतीपासून पुढे मोठी, त्याहून मोठी अशी. प्रत्येकीवर दोन पूर्ण क्षेत्रं त्यांना ठाऊक होती. दोन पुरत नव्हती. चार वर्षं घोडं तिथेच अडलं होतं.

ते सोडवलं मी, आणि ते कुरखेड्याच्या परीक्षा हॉलमध्ये.

एप्रिल होता. मोहफुलांचे दिवस, अर्धा वर्ग पहाटे जंगलात मोहं वेचून तसाच पेपरला यायचा. हॉलभर तो गोडसर, डोकं जड करणारा वास. सुपरव्हिजन करताना काही लिहायला-वाचायला मनाई असते. मी उरलेल्या पुरवण्यांतली एक घेतली आणि टेबलाच्या कडेला उभ्या उभ्या लिहायला लागलो. दोन क्षेत्रांची बेरीज केली, म्हणजे प्रत्येक बिंदूवरचे दोन बाण जोडून एक केला, की तिसरं क्षेत्र मिळतं. मला एक बहुपदी दिसली. या तिसऱ्या क्षेत्राच्या बाणांनी तिचं विकलन केलं की ती एका फटक्यात शून्य होते. पहिल्या क्षेत्राच्या बाणांनी केलं, तर बरोबर दोन फटक्यांत. अशी बहुपदी हाती लागली की तिने गुणलेली क्षेत्रंही पूर्णच राहतात, आणि त्यांच्या आपसातल्या उलटापालटीतून हवी ती सगळी क्षेत्रं निघत जातात. मी ते घराण्यातल्या सर्वांत लहान आकृतीसाठी करून पाहिलं. दोनदा तपासलं. मागच्या बाकावर एक पोरगी शेजारणीचं बघून लिहीत होती, मी तिला लिहू दिलं. त्या दिवशी मला कुणाला पकडायचं नव्हतं.

चार दिवसांनी वडशाला जाऊन गाडी पकडली आणि सरांच्या शहरात त्यांच्या खोलीत ती पुरवणी टेबलावर ठेवली. सर मृदू माणूस. शाईच्या पेनने लिहायचे, कुणाला अरेतुरे करायचे नाहीत. त्यांनी वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं.

ते मी पाहिलं होतं, हे मला आज लख्ख आठवतं. पण तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“छान आहे,” सर म्हणाले. “पण हे प्रबंधात घ्यायचं तर सगळ्या घराण्यासाठी सिद्ध करावं लागेल. वर्ष तरी जाईल.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर आहे तेवढ्यात तुमचा प्रबंध होतो. हे राहू दे माझ्याकडे. आम्ही सवडीने बघू.”

आमच्या कॉलेजात कायम जागेची जाहिरात येणार होती. डॉक्टरेट नसेल तर अर्जच बाद. म्हणजे सरांना माझी पुरवणी हवी होती आणि मला त्यांची सही. माझ्यातला बाजार जागा झाला.

“मग सारांशावर या आठवड्यात सही लागेल, सर.”

“बरं.”

“परीक्षक वेळेवर उत्तर देणारे पाहिजेत. वर्षभर कागद दाबून ठेवणारे नको.”

“बरं.”

“आणि कॉलेजसाठी पत्र. छापील नको, तुमच्या शब्दांत.”

“बरं, देतो.”

एक देऊन तीन घेतले. वडसा येईपर्यंत मी खिडकीशी बसून एकटाच हसत होतो. सगळं मिळालं. सही मिळाली, परीक्षक चोख निघाले, पत्र तर इतकं सुरेख होतं की मुलाखतीत ते मोठ्याने वाचून दाखवलं गेलं. मी कायम झालो. स्लॅबचं घर बांधलं, मायला बाजारातून उठवून कुरखेड्याला आणलं.

दोन वर्षांनी तो निबंध आला. सर आणि परदेशातले दोघे. मी डाऊनलोड करून कॉलेजच्या प्रिंटरवर काढला. पहिल्या पानावर प्रमेय: सगळ्या घराण्यासाठी, सगळ्या आकृतींसाठी. चौथ्या विभागात माझी बहुपदी, थोडी सजवलेली, अक्षरं बदललेली, पण मी माझी मेथी कुठल्याही टोपलीत ओळखीन. तीन पानं पुढे लिहिलं होतं की संपूर्ण सिद्धता या बहुपदीवर उभी आहे. आणि शेवटी तो ‘एक विद्यार्थी’, आणि त्याचा ‘सर्वांत सोपा प्रकार’.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेलो. बोलायचं काय ते गाडीत शांतपणे ठरवलं होतं. खोलीत पाय ठेवल्यावर त्यातलं एक वाक्यही तोंडी आलं नाही. मी कागद टेबलावर आपटले. दाराबाहेरून जाणारे दोघं थबकले.

“हा विद्यार्थी कोण, सर? याले आईबापानं नाव ठेवलं नाई का?” चिडलो की माझी भाषा घुग्घुसला परत जाते.

“बसा आधी.”

“बसाले नाई आलो मी.”

सरांनी दार लोटून घेतलं. “हे पाहा, आपल्या विषयात लेखकांची नावं वर्णानुक्रमे येतात. कुणी जास्त, कुणी कमी असं दाखवायची सोयच नाही. माणूस एक तर लेखक असतो किंवा नसतो. मोठ्या आकृतींचं काम तुम्ही केलेलं नव्हतं.”

“अन् आभारात? तिथी तं सोय होती ना?”

सरांनी टेबलावर विखुरलेले कागद गोळा करून सरळ लावले. मग त्यांनी जे म्हटलं त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“तुम्ही एकेक गोष्ट इतक्या सफाईने मागून घेतलीत, की मला वाटलं, काय देताय ते तुम्हाला पुरतं ठाऊक आहे. नाव तुम्ही मागितलंच नाहीत. मी समजलो, तुम्हाला ते नको आहे.”

मी दार आपटून निघालो. जिन्यात लक्षात आलं की कागद आतच राहिले. परत गेलो नाही.

घरी मायला सांगितलं. गणित सांगितलं नाही, सौदा सांगितला. ती दारात मेथी निवडत बसली होती.

“तू तीन गोष्टी मांगतल्या?”

“हो.”

“त्यानं घासाघीस केली?”

“नाही. तिन्हीले बरं म्हटलं.”

तिने जुडी खाली ठेवली. “एकाबी गोष्टीले नाई म्हटलं नाई, अन् तू पुरवणी देऊन आला? काऊन रे बापू, इतके वर्सं माह्यासंग बसून तू का करत होता? नुसता पाणी मारत होता?”

तेव्हा मला ते आडवं ठेवलेलं पेन दिसलं.

यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत मी एकही निबंध लिहिला नाही. लोकांना कारण सांगतो की आमच्याकडे लायब्ररी नाही, नेट चालत नाही, पावसाळ्यात लाईन आठ-आठ दिवस जाते. सगळं खरं आहे, पण कारण ते नाही. कारण, जे दिसेल ते नेऊन दाखवावं असा माणूस मला उरला नव्हता. त्या निबंधाला कुणी संदर्भ दिला की मात्र मी बघायचो. प्रत्येक संदर्भ मला माझ्या खिशातून गेल्यासारखा वाटायचा.

गेल्या मार्चमध्ये सरांचा फोन आला. ते निवृत्त झाले आहेत. आवाज बारीक झाला होता.

“तुमच्याकडे ती मूळ पुरवणी आहे का? झेरॉक्स तरी?”

“काऊन?”

परदेशातल्या कुणा तरुण बाईने त्यांच्या निबंधात भोक दाखवलं होतं, आणि माझ्या पुरवणीत त्याची तोड निघते का ते त्यांना बघायचं होतं. सगळी सिद्धता तिसऱ्या क्षेत्रावर उभी, आणि मोठ्या आकृतींवर ते तिसरं क्षेत्र पूर्णच नाही. दोन पूर्ण क्षेत्रांची बेरीज पूर्ण असेलच असं नसतं. पटांगणावरच पाहा. एक क्षेत्र फक्त आडवं सरकवतं, उंचीच्या वर्गाइतक्या वेगाने. दुसरं फक्त उभं, आडव्या अंतराच्या वर्गाइतक्या वेगाने. एकेकटी दोघंही सज्जन. माणूस जन्मभर चालेल. बेरीज करा आणि मधल्या तिरप्या रेषेवर उभे राहा: उंची वाढते म्हणून आडवं जाणं वाढतं, ते वाढतं म्हणून उंची आणखी वाढते. दोघं एकमेकांना ढोसत माणसाला बघता बघता अनंतापार नेतात.

बेरीज हमखास टिकते ती एका अटीवर. आधी पहिल्याच्या बाणांनी चाला, मग दुसऱ्याच्या. किंवा उलट क्रमाने. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोचत असाल तर धोका नाही. घराण्यातल्या सर्वांत लहान आकृतीवर ही अट पाळली जाते. मोठ्यांवर नाही.

फोन ठेवला आणि मला इतका आनंद झाला की मी अंगणात जाऊन उभा राहिलो. फसले! तिघंही फसले. माझा माल नेला आणि वापरायचा कसा ते कळलं नाही. माझा प्रकार सोपा म्हणे. तोच तेवढा उभा आहे, बाकी सगळं कोसळलं.

मग पेटीतून पुरवणी काढली. मूळ प्रतच माझ्याकडे होती, सरांना त्या दिवशी बाहेरून झेरॉक्स काढून दिली होती. शाई फिकट झाली होती. तिसऱ्या ओळीत बेरीज मांडलेली. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: दोन्ही पूर्ण, म्हणून बेरीजही पूर्ण. पुढे एक शब्द, अधोरेखित केलेला: उघड.

अक्षर माझं.

क्रमाचा विचारच मी केला नव्हता. लहान आकृतीवर ती अट आपोआप पाळली जात होती, म्हणून माझं उत्तर बरोबर आलं. नशिबाने. सरांनी ती ओळ जशीच्या तशी उचलली, त्या ‘उघड’सकट. आणि वर सांगितलेलं आडव्या-उभ्याचं उदाहरण? ते माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आहे. माझ्या हातानं टाईप केलेलं.

मे महिन्याची पूर्ण सुट्टी मी दुरुस्तीमागे घालवली. मला वाटत होतं, भोक मी बुजवलं तर या वेळी भाव मी सांगणार. कूलरसमोर बसून वह्याच्या वह्या भरल्या. चिडचिड इतकी की बायको पोरांना घेऊन माहेरी निघून गेली. माय तेवढी राहिली. दुरुस्ती सापडली नाही. दहा वर्षं न चालवलेलं डोकं गंजलं होतं. जूनमध्ये सरांचा पुन्हा फोन. त्या बाईनेच उपाय काढला होता, वेगळी बहुपदी घेऊन, दीड पानात. प्रमेय बचावलं. आता नियतकालिकात दुरुस्तीची टीप छापायची होती.

“आमच्याकडून राहून गेलं, असं लिहितो,” सर म्हणाले. “तुमचं नाव त्यात गोवत नाही.”

“टाका.”

“काय?”

“नाव टाका माझं. ती ओळ माझी आहे.”

“अहो, चूक आहे ती. छापलं की कायमचं राहील.”

“ते दुसरं काऊन नाही राहिलं, सर, कायमचं?”

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

“ऐका,” मी म्हटलं. “दोन गोष्टी लिहायच्या. बहुपदी याची, अन् चूकही याचीच. दोन्ही एका वाक्यात. एक घेऊन दुसरी सोडता येणार नाही.”

“टीप फक्त चुकीपुरती असते. संपादक बाकी काही छापत नाहीत.”

“मंग विचारा त्याईले.”

“बघतो,” सर म्हणाले. फोनवर पेन दिसत नाही. त्यांनी ते खाली ठेवलं की हातातच धरलं, मला कळायला मार्ग नव्हता.

दिवाळीच्या सुमाराला टीप आली. धानाची कापणी सुरू होती, वर्गात सहा जण होते. त्यांना उदाहरण सोडवायला देऊन मी प्रिंट काढली. एकच पान. चौथ्या विभागातली चूक मूळ कोणाच्या युक्तिवादातून आली ते स्पष्ट लिहिलेलं, माझं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण, गाव कुरखेडा, स्पेलिंगही बरोबर. बहुपदीबद्दल एक अक्षर नाही. मूळ निबंधातला ‘एक विद्यार्थी’ तिथेच आहे, बिननावाचा. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाही कळणार नाही की ज्याला ती बहुपदी दिसली तो आणि जो चुकला तो एकच माणूस आहे.

घरी मायने माझ्या हातातला कागद पाहिला.

“आलं का नाव?”

“आलं.”

“कायले आलं?”

“चुकीले.”

“चुकी तुहीच होती ना?”

“हो.”

“अन् त्या चांगल्या गोष्टीले?”

मी नकारार्थी मान हलवली. तिने कागद जवळ ओढला. तिला वाचता येत नाही. माझं नाव कुठे आहे ते मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्याच ठिकाणी स्वतःचं बोट ठेवलं.

“पुन्हा फोन कर त्याले,” ती म्हणाली. “अर्धाच वाटा देल्ला त्यानं.”

मी लावला. रिंग जात होती.